मुंबई–न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि डावा बूट

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातले हवाई अंतर सुमारे 12,530 किलोमीटर असून ते महावर्तुळावरून, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल भूपृष्ठाला छेदते त्या वर्तुळावरून, मोजले जाते. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान आणि सहारावरून सरळ रेघ ओढल्यास दीड हजारांहून अधिक किलोमीटरचा भुर्दंड पडतो. म्हणूनच 19 आणि 41 अंशांवरल्या या शहरांमधली जवळची वाट 65 अंश उत्तरेच्या आसपास चढते. जाताना सुमारे 16 तास लागतात, तर येताना झोतवारा, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, पाठीशी असल्याने 14. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे रात्री एकला निघालेला प्रवासी कागदोपत्री सकाळी साडेसहाला पोचतो आणि मधल्या तासांचा हिशेब गुडघ्यांना द्यावा लागतो.

प्रस्तुत लेखकाला हे सारे मुखोद्गत होते. तरीही त्याने गुळगुळीत तळव्याचे नवे कोरे बूट आसनावर बसताक्षणी काढले, आणि उड्डाणानंतर विमान सुमारे 15 अंशांनी नाक वर करते, या त्यालाच पाठ असलेल्या नियमाचा फायदा घेऊन डावा बूट मागे निघून गेला. विमान ताशी 900 किलोमीटर वेगाने पुढे जात असताना हा बूट, दोन रांगांतील 80 सेंटिमीटर जागेत प्रवाशांच्या लाथा खात, उलट दिशेने सरकत होता. शोधमोहीम रांगत करावी लागली. हवाई सुंदरीने रंग विचारला. काळा, असे उत्तर मिळाल्यावर तिने सभोवार पाहिले, तो सगळेच बूट काळे. एका सद्गृहस्थाने झोपेतच स्वतःचा काढून पुढे केला. या धांदलीत खालून स्कँडिनेव्हिया गेला म्हणतात.

शेवटून दुसऱ्या रांगेत, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या नऊवारीतल्या एका आजींच्या मांडीवर बूट सापडला, तोही पुसून पिशवीत घातलेला. “कुणाचा तरी असंल म्हणून ठेवला,” आजी म्हणाल्या. त्या मात्र आठ तास जागच्या हलल्या नव्हत्या, कारण कमरेचा पट्टा त्यांना सोडता येत नव्हता. सूचना देणारे विमानात पुष्कळ होते, पण पट्टा सोडून दाखवावा हे एकालाही सुचू नये, याला काय म्हणावे? लेखकाने तो सोडला आणि त्यांना स्वच्छतागृहापर्यंत पोचवले. परतताना त्यांनी विचारले, “अजून किती लांब हाय?”

“सहा हजार किलोमीटर.”

“तासांत सांग, बाबा.”

“आठ.”

“म्हंजी यष्टीनं सोलापूर-मुंबई. मग काय न्हाय.”

दीर्घ काळ बसून राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलण्यात कमी पडतात, द्रव पावलांत साठतो आणि पाय सुजतात. परिणामी एवढ्या खटपटीने मिळवलेला बूट चढेना, उजवाही चढेना, आणि लेखक दोन्ही हातात धरूनच इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहिला. अधिकाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, याचे श्रेय त्या देशाला द्यावे लागेल.