सौम्य हात

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये 26 मीटर उंचीवर एक हात उघडा आहे. द्यायलाही उघडा, घ्यायलाही उघडा, असा या शिल्पाचा कर्ता, वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याचा हेतू. पाची बोटं शाबूत असून कुणाच्या कानशिलात न बसलेला दुसरा सरकारी हात आमच्या तरी पाहण्यात नाही.

हाताखाली एक खोलगट जागा आहे. लोकांनी तिथे बसून सार्वजनिक प्रश्नांचा काथ्याकूट करावा, ही साहेबांचीच कल्पना. प्रशासनाने ती थोडी सुधारली. आंदोलकांना सेक्टर 25 चं मैदान नेमून दिलं आणि इथे ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाच्या मागून रांगेत यायचं. म्हणजे खड्डा सेक्टर 1 मध्ये, काथ्याकूट सेक्टर 25 मध्ये. मैदान सोडून पुढे सरकलात तर पाण्याचे फवारे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा लाडका शब्द: 'सौम्य लाठीमार'. यात लाठी सौम्य असते की मार, हे पाठीला कुणी विचारत नाही.

जवळच पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय आहे. मार्च 2025 मध्ये पतियाळ्यात ढाब्याबाहेर गाडी लावण्यावरून लष्करातल्या कर्नलला आणि त्यांच्या मुलाला पोलिसांनी मारल्याचं प्रकरण इथेच आलं. कर्नलच्या जबाबावर गुन्हा नोंदवायला आठवडा उलटला. एप्रिलमध्ये न्यायालयाने तपास चंदीगड पोलिसांकडे दिला, जुलैत सीबीआयकडे. खांद्यावर तारे असून ही तऱ्हा, तर डोक्यावर पाटी असलेल्याने कुठे जावं?

पंजाबातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशभरातल्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं. आवाजासकट, अंधारात दिसणारे, कोठडीसमोरसुद्धा. सप्टेंबर 2025 मध्ये, ते चालत नाहीत म्हणून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अंधारात बघायचं शिकवलं, उजेडात डोळे मिटायचं कॅमेरा आपोआप शिकला.

पंजाबला हसायची आपली पात्रता नाही. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर 2024 मध्ये कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढं सांगायला औरंगाबाद खंडपीठाला 4 जुलै 2025 उजाडला, आणि तेवढ्यावरही आपलं सरकार दिल्लीला धावलं. तिथून हात हलवत परतलं.

"हा हात वाऱ्याबरोबर फिरतो," मार्गदर्शक कौतुकाने सांगत होता. रांगेतल्या साताऱ्याच्या काकूंनी चष्मा वर केला.

"त्यात काय, आमचे फौजदारही तसेच फिरतात."