नातं दाखवा, नाहीतर पावती दाखवा

प्रत्येक माणसाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असं मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्याचं 15 वं कलम 1948 पासून सांगत आलंय. ते कोणी द्यायचं, एवढं मात्र त्यात लिहायचं राहिलं. मसुदा करणारी मंडळी हुशार होती, तेव्हा चुकून राहिलं असेल असं वाटत नाही. त्याआधी, 1930 मध्ये, हेगला एक करार झाला होता. आपले नागरिक कोण हे ज्या त्या देशाने आपल्या कायद्याने ठरवावं, असं त्याचं पहिलंच कलम आहे. म्हणजे हक्क तुमचा आणि मर्जी त्यांची. सरकारी योजनांवर वाढलेल्या आपल्या पिंडाला ही रचना समजायला जड जाऊ नये.

तरी या मर्जीला थोडी वेसण हवी, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाला 1955 मध्ये वाटलं. ते ज्यांच्यामुळे वाटलं ते फ्रीडरिश नोटेबोम. जन्म हॅम्बुर्गचा, पासपोर्ट जर्मन. 1905 मध्ये ग्वाटेमालात गेले आणि कॉफीत, बँकिंगमध्ये चांगला जम बसवला. तीसेक वर्षं तिथे काढली, पण ग्वाटेमालाचं नागरिकत्व काही घेतलं नाही. मग 1939 चा सप्टेंबर उजाडला आणि जर्मनी युद्धात उतरली. असा पासपोर्ट खिशात घेऊन फिरणं धंद्याला बरं नाही, हे व्यापारी माणसाच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? त्यांचे एक बंधू लिक्टेनश्टाइनमध्ये राहत होते. लष्कर नसलेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला हा चिमुकला देश. तिथल्या कायद्यात तीन वर्षं वास्तव्याची अट होती. ती खास बाब म्हणून माफ झाली. माउरेन नावाच्या गावाला 25,000 स्विस फ्रँक, सरकारला 12,500 आणि वर्षाला 1,000 फ्रँक कर असं ठरलं. 9 ऑक्टोबरला अर्ज केला आणि 20 तारखेला निष्ठेची शपथही झाली. आपल्याकडे एवढ्या दिवसांत रेशनकार्डावरचं आडनाव दुरुस्त होत नाही.

नवा पासपोर्ट घेऊन साहेब ग्वाटेमालात परतले. त्या देशाच्या झुरिकमधल्या वकिलातीने त्याच पासपोर्टवर व्हिसा उमटवला. परदेशी लोकांच्या नोंदवहीत ‘जर्मन’ खोडून ‘लिक्टेनश्टाइन’ असंही लिहून दिलं. पुढे 1943 मध्ये मात्र ग्वाटेमालाला अचानक आठवलं की हा तर शत्रूचा माणूस! पकडून अमेरिकेच्या हवाली केलं. तिथे 1946 पर्यंत स्थानबद्धता, आणि मागाहून मालमत्ता जप्त. लिक्टेनश्टाइनने आपल्या या नव्या लेकरासाठी थेट हेगच्या न्यायालयाचं दार ठोठावलं. अकरा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, तुम्ही त्यांना आपलं म्हणा, आमची हरकत नाही. पण त्यांचं आणि तुमचं खरं नातं नाही, आपुलकी नाही, संसार नाही. तेव्हा त्यांच्या वतीने ग्वाटेमालाशी भांडायला येऊ नका. थोडक्यात, लग्न कायदेशीर. पण सासरच्यांनी ओळख द्यायलाच हवी असं नाही.

आता हिशोब करा. खरं नातं हीच कसोटी लावायची तर हा माणूस सगळ्यात जास्त कोणाचा होता? ज्यांनी त्याचे कॉफीचे मळे घेतले त्यांचाच! लिक्टेनश्टाइनचा झाल्यावर जर्मनपण संपलं, ग्वाटेमालाचा तो कधी झालाच नाही, आणि लिक्टेनश्टाइनचा आहे हे भांडायच्या वेळी धरायचं नाही. कायद्याची पुस्तकं या निकालाला फार मान देतात. आमच्यासारख्या अडाण्याला त्यातून एवढंच कळतं, की नात्याची चौकशी कोणाला काही द्यायचं नसलं की सुरू होते.

पैशाचा भाग तेव्हाही होता, पण तेव्हा निदान लाज म्हणून भाऊ तरी दाखवावा लागे. पुढे तीही अडचण उरली नाही. कॅरिबियनमधल्या सेंट किट्सने 1984 मध्ये रीतसर दुकान उघडलं आणि शेजारची बेटंही मागे राहिली नाहीत. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यातले आरोपी हिरेव्यापारी मेहुल चोक्सी हे मुंबईकर 2017 मध्ये अँटिग्वा-बार्बुडाचे नागरिक झाले. त्यांच्याविषयी काही वावगं नाही असा पोलिस क्लिअरन्स मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाकडूनच आला होता, असं अँटिग्वाने नंतर सांगितलं. घोटाळा दोन-चार महिन्यांनी उघडकीला आला. तोवर शपथही झाली होती. आयपीएलवाल्या ललित मोदींना वानुआतूने घेतलं आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी त्यांचा पासपोर्ट रद्द करायला सांगितलं. प्रत्यार्पण टाळणं हे नागरिक होण्याचं योग्य कारण नव्हे, म्हणे. बिचाऱ्या वानुआतूला वाटलं असणार, लोक तिथली नारळाची झाडं बघून येतात. युरोपात माल्टानेही काही लाख युरोंत हाच माल ठेवला होता. एप्रिल 2025 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो बंद करवला, कारण नागरिकत्व हा देवाणघेवाणीचा व्यवहार नव्हे. गिऱ्हाईक थेट माल्टाचं झालं असतं तर चाललंही असतं. पण ते पासपोर्ट दाखवून पॅरिसला राहायला येतं, ही खरी दुखरी नस.

किरकोळ विक्रीचं एवढं झालं. घाऊक व्यवहार बघायचा तर कोमोरोसला चला.

आखाती देशांत बिदून म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण कुवेत आणि अमिराती हे देश म्हणून उभे राहिले तेव्हा आजोबा-पणजोबांची नोंद राहून गेली. कोणी वाळवंटात होतं, कोणाला वाचता येत नव्हतं, कोणाला आपण इथलेच आहोत हे कागदावर लिहून घ्यावं लागतं याची कल्पनाच नव्हती. हेगच्या कसोटीला यांच्याइतकं खरं नातं कोणाचं? जन्म, घर, भाषा, कबरी, सगळं तिथेच. पण तिथे कसोटी लागलीच नाही. हिंद महासागरातल्या गरीब कोमोरोस बेटांनी 2008 मध्ये ‘आर्थिक नागरिकत्वा’चा कायदा केला आणि अमिरातींनी आपल्या बिदूनांसाठी तिथले हजारो पासपोर्ट एकगठ्ठा विकत घेतले. ज्यांनी ती बेटं नकाशातही पाहिली नव्हती ते एका रात्रीत त्या बेटांचे नागरिक. सरकारचा प्रश्न मिटला. आता हे बेवतन नाहीत, परदेशी आहेत. आणि परदेशी माणसाला घालवता येतं. अबू धाबीच्या राजवटीवर टीका करणाऱ्या एका बिदून ब्लॉगरला 2012 मध्ये आधी कोमोरोसचा पासपोर्ट देण्यात आला आणि मग थायलंडला धाडण्यात आलं. कोमोरोसला का नाही, असले प्रश्न विचारायचे नसतात. पासपोर्ट विकणारे कोमोरोसचे माजी राष्ट्राध्यक्ष सांबी यांना त्यांच्याच देशाने 2022 मध्ये देशद्रोहासाठी जन्मठेप दिली. विकत घेणाऱ्यांना कोणी काही बोललं नाही. ते गिऱ्हाईक होते.

एवढं वाचून आपल्याकडच्या कोणाला हसू येत असेल तर त्याने पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात यावं. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले. मार्च 1962 मध्ये दिल्लीने आदेश काढला, की तुम्ही किंवा तुमचे आईवडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी 20 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलं असेल, तर त्या तारखेपासून तुम्ही भारतीय झालात. नको असेल तर महिन्याभरात लेखी कळवा. मोंतेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी खरंच लेखी कळवलं. राहिले गोव्यातच. मग राहण्याचा परवाना 1964 मध्ये संपला, त्यांनी नवा मागितला नाही, देश सोडा म्हटलं तर गेले नाहीत. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. नातं होतं, पण परवाना नव्हता.

दुसरीकडे पोर्तुगालने 1974 च्या अखेरीस झालेल्या करारात गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. गोयकारांवरचा हक्क मात्र सोडला नाही. मुक्तीपूर्वी जन्मलेला प्रत्येक जण जन्मतःच पोर्तुगीज, लिस्बनच्या दप्तरात फक्त नोंद बाकी. मुलांना, नातवंडांनाही तीच सवलत. लिस्बन म्हणतं, तू आमचा होतासच. दिल्ली म्हणते, तू स्वखुशीने परका झालास, तेव्हा आमचा पासपोर्ट आण इकडे. आजोबांच्या दाखल्यात एक ‘द’ कमी आणि बापाच्या दाखल्यात एक जास्त, म्हणून एजंटाच्या टेबलाशी घरं अडून बसलेली असतात. निवडणूक जवळ आली की समोरच्या उमेदवाराची नोंद लिस्बनला सापडते का, यासाठी वेगळी माणसं कामाला लागतात. सगळ्यांचंच असं अडतं असंही नाही. ज्यांचं घराणं मडगावचं ते अंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून 2017 मध्ये भारतात आले, तर आपल्या पंतप्रधानांनी भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड स्वतःच्या हाताने दिलं. झेरॉक्स किती प्रती लागल्या, ते बातमीत नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. एवढा खटाटोप करून पोर्तुगीज झालेली बहुतेक पोरं पोर्तुगालला राहिलीच नाहीत. विमानाने थेट इंग्लंडला, स्विंडनला, साउथॉलला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि ती वाट बंद झाली. आता एजंट सांगतो, आयर्लंड बघू, जर्मनी बघू, फ्रान्स बघू. यातलं काहीच जमलं नाही, तर मग नाइलाजाने पोर्तुगाल.