जिभाऊ गाडी घेताहेत

जिभाऊ गाडी घेताहेत, ही बातमी खानदेशात जुनी आहे. ज्या पोरांनी ती शाळेत असताना ऐकली, ती पोरं आता पहिल्या गाडीचे हप्ते फेडून दुसरी पाहायला लागली. जिभाऊंचं अजून ठरायचंय.

जिभाऊ हे कुणा एकाचं नाव नाही. जळगावला गोलाणी मार्केटात एक आहेत, धुळ्याला पाचकंदिलाजवळ एक आहेत, पारोळ्यात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. कुठे आप्पा म्हणतात, कुठे नाना. ऐवज सगळीकडे तोच. यावल तालुक्यात केळीची बाग, जळगावात पाइप-फिटिंगचं दुकान, सासरवाडी धुळ्याची, दारात मळकी बोलेरो आणि डोक्यात दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल स्पोर्ट्स कार. रंग ठरलेला आहे. रंगाबद्दल जिभाऊंशी वाद घालू नये.

अडलंय ते दुसरीकडे. गाडी कंपनीतून तयार घ्यायची, की किट आणून बनवायची? किट म्हणजे सांगाडा, फायबरची बॉडी, कुठल्या तरी भल्या गाडीचं उतरवलेलं इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि खोकंभर नटबोल्ट. हे सगळं मालकानं स्वतः जोडायचं, किंवा आपल्या देखरेखीखाली जोडून घ्यायचं. देखरेखीत जिभाऊंचा हात धरणारा कोणी नाही. तीन मजली घर त्यांनी खुर्चीवर बसून बांधलंय.

त्यांचं मत केळीच्या भावावर हलतं. रावेरला भाव चढला की जिभाऊ दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या जाहीर करतात, "पोर्शच घेतो भो, नाइन-इलेव्हन. उगाच नटबोल्ट कोण मोजत बसेल?" भाव पडला की त्याच गल्ल्यावरून, "कंपनीवाले नुसते नावाचे पैसे घेतात. गाडी म्हणजे काय? एक इंजिन अन् चार चाकं. आपण बनवू." भाव मधल्यामध्ये अडकला तर सेकंडहँडचं बोलणं निघतं. आणि बागेत सीएमव्हीचा रोग शिरला असेल तर गाडीचा विषय काढणाऱ्यानं तो स्वतःच्या जबाबदारीवर काढावा.

किटचं वेड त्यांना लागलं ते एका इंग्लिश गाडीमुळे. लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन नावाच्या गृहस्थानं ती 1957 साली आणली. वजन पाचशे किलोच्या आसपास. हे ऐकल्यावर जिभाऊंनी मनातल्या मनात हिशोब करून "म्हणजे कापसाच्या तीन गाठी!" असं म्हटलं होतं, आणि हिशोब बरोबर होता. पण त्यांना खरी भुरळ वजनाची नाही, कराची पडली. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागायचा नाही. म्हणून लोक सेव्हन खोक्यातून घरी न्यायचे आणि गॅरेजमध्ये जोडायचे. असंही सांगतात की, भागांबरोबर जोडणीची माहिती द्यायला बंदी होती, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची माहिती देत. गिऱ्हाइकानं ती शेवटून वाचायची. हा किस्सा सांगताना जिभाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते एकादशीच्या कीर्तनातही येत नाही. "डोकं पाहा भो त्या माणसाचं! आपल्या दाणा बाजारात बसवला असता तर राज्य केलं असतं." पुढे 1973 साली तिकडे व्हॅट आला आणि ही गंमत संपली, हा भाग ते सांगत नाहीत. मी एकदा सांगितला तर म्हणाले, "सरकार कुठलंही असो, गरिबाला जगू देत नाही."

इथे धुळ्याचा संबंध येतो. जळगाव ते धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर, पण गाडीच्या बाबतीत ही दोन गावं दोन वेगळे पंथ आहेत. जळगाव सोन्याचं गाव. तिथे माणूस वस्तू हातात घेतली की आधी शिक्का पाहतो. धुळे आग्रा रोडवरचं गाव. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते तिथे एकमेकांना छेदून जातात. कुठल्याही दिशेनं निघालेला ट्रक मोडला तर धुळ्याच्या आसपासच मोडावा, अशी ड्रायव्हर लोकांची प्रार्थना असते. त्यामुळे कंपनीनं बनवलेली गोष्ट ही शेवटची असते, असं धुळ्यात कोणी मानत नाही. ती सुरुवात असते.

आणि खरं सांगायचं तर धुळेकराला किट कारचं नवल वाटण्याचं कारणच नाही. ट्रक म्हणजे दुसरं काय? वर्षानुवर्षं कंपनी इंजिन बसवलेली चेसिस द्यायची. ना केबिन, ना काच. ड्रायव्हर तिच्यावर एखादी फळी किंवा खुर्ची बांधायचा, डोळ्यांना गॉगल, तोंडाला टॉवेल, आणि शेकडो किलोमीटर उघड्यावर हाकत बॉडी बांधणाऱ्याच्या दारात आणून उभी करायचा. पुढे सुतार, वेल्डर, पेंटर मिळून तिचा ट्रक करायचे. लळिंगच्या घाटातून अशा चेसिसची रांग उतरताना ज्यानं पाहिली आहे, त्याला उघड्या रोडस्टरचे फोटो दाखवून काही उपयोग नाही. जिभाऊंनी त्यांच्या धुळ्याच्या मेहुण्याला सेव्हनचा फोटो दाखवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दाजी, बॉडी कधी बसवनार हिला?"

मेहुण्याचा एक उस्ताद आहे. प्रत्येक मेहुण्याचा असतो. आग्रा रोडवर त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. उस्तादनं फोटो पाहिला, बोट लावून मोठा केला, पान थुंकला आणि म्हणाला, "बन जायेगा." किती दिवसांत? "बन जायेगा." खर्च? "आप से क्या लेना." जिभाऊ व्यापारी माणूस. जो पैसे सांगत नाही तोच सगळ्यात महाग पडतो, हे त्यांना माहीत आहे. त्या दिवशी येताना एरंडोलपर्यंत ते कंपनीच्या बाजूचे झाले होते.

कंपनीच्या बाजूला झुकण्याचं त्यांचं आणखी एक कारण अजिंठ्याच्या पलीकडे आहे. 2010 साली औरंगाबादच्या उद्योजकांनी मिळून एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या. देशभर गाजलं. जळगावच्या जिभाऊंना ते अजून पचलेलं नाही. "दीडशे! आणि आपण इथे एक ठरवतोय." मग स्वतःच समजूत घालतात की मर्सिडीज तरी कुठे अंगानं जर्मन असते? चाकणला सुटे भाग येतात आणि जोडले जातात, कारण पूर्ण बांधलेली गाडी आणली तर जकात जास्त आणि भाग आणून इथे जोडली तर कमी. म्हणजे तीही किटच. फक्त जोडणारा माणूस पांढरा कोट घालतो. हा त्यांचा युक्तिवाद मला अजून खोडता आलेला नाही.

महाराष्ट्रात अशा गाड्या झाल्याच नाहीत असं नाही. अलिबागकडे चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली, फायबरच्या अंगाची, आत काँटेसातलं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. ते कळताच जिभाऊ अलिबागला गेले. गाडी पाहिली की नाही ते कधी नीट कळलं नाही, पण पांढऱ्या कांद्याच्या माळा भरपूर आणल्या होत्या आणि एक आमच्याकडेही दिली. नंतर 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती आली. भारतीय स्पोर्ट्स कार, इंजिन मात्र रेनोचं. "पाहा, म्हणजे हीपण जोडलेलीच," जिभाऊ म्हणाले आणि थांबले. मग 2016 ला फोर्डनं मस्टँग भारतात विकायला काढली. त्या वर्षी केळीनं चांगला हात दिला होता. टोकन द्यायचं ठरलं, मग दसऱ्यावर गेलं, मग पाडव्यावर. 2021 मध्ये फोर्डनं भारतातले कारखाने बंद करायचं जाहीर केलं आणि जिभाऊंनी दुकानात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "वाचलो भो! घेतली असती तर पार्ट कुठून आणले असते?" न घेतलेल्या गाड्यांनी त्यांचे आजवर किती पैसे वाचवले याचा ते हिशोब ठेवतात. त्या पैशात एक पोर्श सहज येईल.

कायद्याची बाजू त्यांनी पाहिली नाही असं समजू नका. किट जोडून रस्त्यावर आणायची तर नुसतं लिंबू-मिरची बांधून भागत नाही. नवीन नमुन्याच्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी लागते. आहे त्या गाडीत फेरफार करावा म्हटलं तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाही, हे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलं. आरटीओबाहेरच्या एजंटनं त्यांना एवढंच विचारलं, "चेसिस नंबर?"

"टाकून घेऊ ना आपण," जिभाऊ म्हणाले.

एजंटनं चहा मागवला. एजंट चहा स्वतःच्या पैशानं मागवतो तेव्हा समजावं की काम होणार नाही. तरीही एमएच-19 घ्यायचा की सासरवाडीचा एमएच-18, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली.

घरची चर्चा हा मोठा विषय आहे. वहिनींचा गाडीला विरोध नाही, त्यांचा न ठरण्याला विरोध आहे. त्यांनी एकदा एका वाक्यात निकाल दिला होता, "सोनाराकडे दागिना घडवायला टाकला तर घट जाते, तयार घेतला तर मजुरी जाते. पण माणूस कधीतरी दागिना घालून घरी येतो ना?" जिभाऊंच्या आईंची शंका वेगळी. त्या मूळच्या धुळे तालुक्यातल्या, अहिराणी सोडून बोलत नाहीत. त्यांना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "दोनच जण बठतस? मंग मी कोठे बठू? आन् गाडीले छत बी नही?" मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात उघड्या गाडीच्या रेक्झिनच्या सीटवर बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी दुपारी पायरीवर बिबड्या वाळत घातल्या आहेत त्यांना सांगावं लागत नाही. शिवाय एकवीरेला जायचं, वणीच्या गडावर जायचं, पद्मालयाला जायचं तर सहा माणसं, वरणबट्टीचे डबे आणि भरताची वांगी. जिभाऊंनी तोडगा काढला की स्पोर्ट्स कार पुढे जाईल, बोलेरो मागून येईल. "म्हणजे देवीला तुम्ही आधी भेटणार," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यात बहारीची गोष्ट देवराष्ट्र्याची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून घरच्या घरी छोटी जीप बनवली. स्टार्ट करायची किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि जाहीर केलं की ही गाडी आम्हाला द्या, बदल्यात नवीकोरी बोलेरो घ्या. जानेवारीत लोहारांच्या दारात बोलेरो आली.

जिभाऊंनी ही बातमी वाचली त्या रात्री ते झोपले नाहीत. वीस वर्षांचा गुंता एका झटक्यात सुटला होता. सकाळी सातला माझ्या दारात. "कळलं का भो? किट बनवायची, व्हिडिओ टाकायचा, कंपनीवाला येतो अन् बदल्यात फॅक्टरीची गाडी देतो! म्हणजे किट की फॅक्टरी हा सवालच नाही. किट *म्हणजेच* फॅक्टरी!" उस्तादला फोन गेला. उस्ताद "बन जायेगा" म्हणाला. मेहुण्यानं भंगार बाजारातून कसलं तरी स्टिअरिंगही उचललं. लोहारांनी ती जीप मुलासाठी, हौसेनं, आपल्या हातानं ठोकून काढली होती, बदल्यात काही मिळवायला नाही, असं मी म्हणून पाहिलं. जिभाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या असत्या तर नाटकात शोभलं असतं. त्या आमच्याकडे नव्हत्याच, फोनवर होत्या. स्पीकर चालू होता. "अहो," त्या म्हणाल्या, "बोलेरो तर दारात उभी आहे आपल्या. गेल्या वर्षी क्लच टाकला तिला."

जिभाऊ दोन मिनिटं गप्प होते. ते स्टिअरिंग अजून दुकानात पीव्हीसी पाइपांच्या मागे आहे. सव्वा इंची एल्बो मागायला आलेला एखादा शेतकरी ते हातात घेऊन फिरवून पाहतो.

परवा मी त्यांच्याकडे दुसऱ्याच कामानं गेलो होतो. मला एक साधी चार दारांची, पांढरी, कंपनीची गाडी घ्यायची आहे, शोरूममध्ये पैसे भरायला निघालोय, असं सहज बोलून गेलो. जिभाऊंनी माझा हात धरला, खुर्ची पुढे केली, नोकराला दोन चहा सांगितले.

"बसा. घाई करू नका," ते म्हणाले. "आता इलेक्ट्रिकचं किट निघालंय. जुन्या गाडीचं इंजिन काढायचं, मोटार अन् बॅटरी टाकायची. मंजूर किट असेल तर सरकार नोंदणीपण देतं. तुमची जुनी फियाट अजून आहे ना गोठ्यात? विकू नका ती. मी उस्तादशी बोललोय."