रुमाल टाकून धरलेला समुद्र

आमच्या घराण्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय कुणी विश्रांती घेतलेली नाही. सासऱ्यांनी ती एकदाच घेतली, हर्नियाच्या ऑपरेशननंतर. त्या आठ दिवसांत त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या घरातल्या सगळ्या विळ्या-कात्र्यांना धार लावून ठेवली.

त्यामुळे फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, आमच्या न्यू जर्सीच्या लेकीनं जाहीर केलं, "तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून तुम्हाला पाच दिवस बार्बाडोसला पाठवतेय. तिथे काहीही करायचं नाही," तेव्हा पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"काहीही म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही नाही, बाबा. बीचवर पडून राहायचं."

"आणि मग?"

"मग कूस बदलायची."

आमच्या मधुचंद्रालासुद्धा एवढी मोकळीक नव्हती. महाबळेश्वरला दोन दिवसांत बारा पॉइंट पाहिले होते आणि तिसऱ्या दिवशी पाचगणीला सासूबाईंच्या मावसबहिणीकडे लोणच्याची बरणी पोचवली होती. बरणी फुटली नाही, म्हणून सहल यशस्वी झाली, असं घरात ठरलं.

पण 'बार्बाडोस' ऐकल्यावर ह्यांचे डोळे लकाकले, ते बीचसाठी नव्हे. हे 1971 साली अकरा वर्षांचे होते. अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा ह्यांनी पेपरातली कात्रणं एका वहीत खळीनं चिकटवली होती. ती वही आमच्या लग्नात माझ्याबरोबर घरात आली असं म्हणता येणार नाही. ती आधीपासून घरात होती, मी नंतर आले. गावसकरांच्या त्या मालिकेतल्या 774 धावा ह्यांना आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन आठवतात.

न्यूयॉर्कहून विमान पाचएक तासांत पोचलं. जेमतेम 34 किलोमीटर लांबीचं बेट. पुण्याहून निघालात तर तळेगावच्या आसपास बेट संपून पाय ओले होतील, एवढंच. रहदारी आपल्यासारखी डावीकडून. टॅक्सीवाल्याला ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सोबर्स अजून इथेच राहतात ना?" त्यानं सबंध रस्ताभर सर गारफिल्ड सोबर्स ह्या विषयावर प्रवचन दिलं. आमची उतरायची जागा आली, तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात आमच्या मनगटांवर एकेक पट्टा अडकवला. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांची अदलाबदल होऊ नये म्हणून बांधतात, तसा. आता खाणं, पिणं, सरबतं, छत्र्या, टॉवेल, सगळं ह्या पट्ट्यात आलं, असं तिथली मुलगी म्हणाली. शिवाय मला 'डार्लिंग' म्हणाली. मग सामान नेणारा म्हणाला. मग खोली दाखवणारी म्हणाली. ही त्या बेटावरची बोलायची रीत आहे, पण चाळीस वर्षांत 'अगं'च्या पुढे न सरकलेल्या माणसासमोर एका तासात तिघांनी मला डार्लिंग म्हणावं, ह्यानं ते जरा अस्वस्थ झाले. खोलीत गेल्याबरोबर त्यांनी स्विचबोर्ड तपासला. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस अस्वस्थ झाला की अर्थिंग बघतो.

मग त्यांनी हिशेब मांडला. लेकीनं भरलेले डॉलर भागिले पाच दिवस भागिले दोन माणसं. "म्हणजे," पेन खाली ठेवत ते म्हणाले, "दर जेवणाला मला साधारण पाच पपया खाल्ल्या पाहिजेत, तर वसूल होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिस्तीत विश्रांतीला गेलो. किनाऱ्यावरच्या सगळ्या आरामखुर्च्या भरलेल्या होत्या. माणसांनी नव्हे, टॉवेलांनी. गोरी मंडळी उजाडायच्या आत येऊन टॉवेल पसरून जायची आणि दहाला न्याहारी आटपून परत यायची. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मी ते हसू ओळखते. स्वारगेटवर धावत्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचं तारुण्य गेलं, त्याला टॉवेल दाखवून भिववायला निघाले होते!

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला, झुंजुमुंजू व्हायच्या आत, हे दोन टॉवेल घेऊन अंधारात निघाले. जाताना मला म्हणाले, "पहिली रांग धरतो, खिडकीकडची."

ते आठपर्यंत परत आले नाहीत.

त्या सव्वादोन तासांत मी काय करत होते, तेही सांगते. मी विश्रांती घ्यायचा प्रयत्न करत होते. पलंगावर पडले, मग पलंगाची चादर नीट केली. न्याहारीच्या टेबलावर बसले, तर समोर भाजलेला नीरफणस. आमच्या कोकणातल्या घराच्या परड्यात जो आहे तोच, विलायती फणस! तो ह्या बेटांचासुद्धा मुळचा नाही. ऊसमळ्यांवर राबवलेल्या गुलामांचं स्वस्तात पोट भरावं, म्हणून कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1793 साली ताहितीहून रोपं कॅरिबियन बेटांवर आणली. ज्यांच्यासाठी आणली त्यांनी आधी बरीच वर्षं त्याला तोंड लावलं नाही म्हणे. मला ते पटलं, कारण कुणी त्यांना काप करायला सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाक्याला बोलावून तिखट, मीठ, हळद, रव्यात घोळवून मंद आचेवर तेल सोडत कसे काप करायचे ते सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "डार्लिंग, तुम्ही सुट्टीवर आहात ना?"

आठला मी ह्यांना शोधायला निघाले. पहिल्या रांगेत दोन आरामखुर्च्यांवर आमचे दोन टॉवेल चारी कोपऱ्यांना चपलांचं वजन ठेवून ऐसपैस पसरलेले. माणूस बेपत्ता. जवळच एका झाडाला बुंध्याभोवती लाल पट्टा रंगवलेला दिसला. ते मँचिनीलचं झाड. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, फळ खाल्लं तर जिवावर बेततं, आणि पावसात खाली उभं राहिलं तरी थेंबांबरोबर चीक ओघळून कातडी पोळते. आपला बिब्बा उततो, त्याचा हा दांडगा चुलता. आदल्या संध्याकाळी ह्यांनी त्या झाडाखाली जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला हाकलण्याचं काम बिनपगारी पत्करलं होतं. एका जर्मन जोडप्यानं तर त्यांना रिसॉर्टचा रखवालदार समजून बक्षिशी दिली होती. ती त्यांनी घेतली. म्हटलं, आजही तिथेच असतील. नव्हते.

तेवढ्यात समुद्रातून आवाज आला, "सोलकर! सोलकरला विसरू नका!"

गळ्याइतक्या पाण्यात पाच-सहा टोप्या गोल करून उभ्या होत्या आणि त्यातली एक आमच्या घरातली होती.

बार्बाडोसचे सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्ट कितीही भारी असो, वाळू सगळ्यांची. म्हणून पहाटे, पाहुणे झोपलेले असताना, बेटावरची जुनीजाणती माणसं समुद्रस्नानाला येतात. पोहत कुणी फारसं नाही. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि बोलायचं. गुडघ्यांबद्दल, सरकारबद्दल, कुणाचा मुलगा कॅनडात काय करतो त्याबद्दल. सकाळी साडेसहाला आमच्या टेकडीवर जे चालतं, तेच. फक्त हा कट्टा ओला. निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त शिक्षक, निवृत्त परिचारिका आणि आता निवृत्त अभियंता. टॉवेल पसरताना ह्यांनी पाण्यातून 'सोबर्स' असा शब्द ऐकला आणि ते चपला वजनाला ठेवून थेट पाण्यात शिरले होते.

विषय होता 1971ची ब्रिजटाऊन कसोटी. पोस्टमास्तरांनी त्या वेळी कोवळ्या वयात सोबर्सच्या नाबाद 178 धावा मैदानात बसून पाहिल्या होत्या. ह्यांनी त्या वहीत चिकटवल्या होत्या. "पण मग आमचे 70 धावांत सहा गडी गेले," हे सांगत होते, "आणि सरदेसाई उभे राहिले. 150! मडगावचा माणूस! त्यांच्या जोडीला सोलकर. 186 धावांची भागी! सामना वाचवला की नाही?"

"वाचवला, स्किपर," पोस्टमास्तरांनी कबूल केलं. तिकडे अनोळखी माणसालाही स्किपर म्हणतात. निवृत्तीनंतर सात वर्षांत ह्यांना कुणी पद दिलं नव्हतं. ते दोन इंच उंच झाले, निदान पाणी छातीवर आलं.

"पण 1997 साली काय झालं?" शिक्षक हळूच म्हणाले. "ह्याच ब्रिजटाऊनला. तुम्हाला जिंकायला 120 हव्या होत्या."

पाण्यात शांतता पसरली. 81. सर्व बाद. तेव्हा तेंडुलकर कर्णधार होता. आमच्या घरात दोन दिवस टीव्हीवर कापड टाकलं होतं. हे पाण्यात खाली खाली जायला लागले. हनुवटी बुडाली, मग तोंड. मग एकदम वर येऊन म्हणाले, "आणि 29 जून 2024? इथेच, केन्सिंग्टन ओव्हलला! टी-ट्वेंटीचा विश्वचषक!"

"तो तुम्ही दक्षिण आफ्रिकेकडून जिंकलात," पोस्टमास्तर म्हणाले. "आमच्या मैदानावर. आम्ही फक्त खेळपट्टी दिली, आणि त्यातलं गवतसुद्धा तुमच्या कर्णधारानं खाल्लं."

एवढ्यात माझ्याकडे लक्ष गेलेल्या परिचारिकाबाईंनी हात हलवला. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. म्हटलं, गणपतीपुळ्याला चालतो तो इथे का नाही चालणार? गेले.

मग बाईंनी मला कुकू शिकवलं. बार्बाडोसचं हे घरोघरचं जेवण. भेंडी उकळून त्या पाण्यात मक्याचं पीठ घालायचं आणि चपट्या लाकडी दांड्यानं न थांबता घोटायचं, वर उडत्या माशांचं कालवण. थोडक्यात, भेंडी घातलेली उकड. गुठळी होऊ द्यायची नाही, हे सांगताना बाई पाण्याखाली दोन्ही हातांनी जोरजोरात घोटून दाखवत होत्या, आणि त्यांच्या समोर मी, माझी तांदळाच्या पिठाची उकड घोटत होते. आमच्या भोवती समुद्राला छोटे भोवरे पडले.

दुपारी ह्यांना ओव्हल पाहायचं होतं. तिथल्या खासगी व्हॅनमध्ये, म्हणजे आपल्या वडापमध्येच, बसलो. तसंच कर्कश गाणं, तसंच 'आणखी एक बसेल', आणि ती एक व्यक्ती माझ्या मांडीवर. ओव्हलबाहेर सोबर्सचा पुतळा आहे. हे त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी बेटाच्या पूर्वेला, बाथशिबाजवळच्या अँड्रोमेडा बागेत गेलो. तिथे वडाचा एक सख्खा भाऊ आहे, पारंब्या लोंबकळणारा. त्या पारंब्या दाढीसारख्या दिसल्या म्हणून पोर्तुगीजांनी ह्या बेटाला 'दाढीवाले' म्हटलं, तेच बार्बाडोस, असं सांगतात. वड दिसल्यावर माझे पाय आपोआप फिरायला लागले. हे घाबरले. "अगं, नको! इथे सगळं ऑल-इन्क्लूसिव्ह आहे. सातावर आणखी सात देतील!"

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं रोज सकाळी सहाला आरशासमोर उभा राहणारा हा माणूस चार दिवस दाढी करायला विसरला होता. आरामखुर्चीवर आम्ही एकदाही टेकलो नव्हतो, वसुलीचा कागद कुठे गेला कोण जाणे, पपया अर्ध्याच झाल्या होत्या. पण गालावर पांढरी खुंटं आली होती. विश्रांतीचा एवढा ठळक पुरावा आमच्या घराण्यात ह्यापूर्वी कुणी मागे ठेवलेला नाही.

शेवटच्या सकाळी लेकीचा निरोप आला, 'आराम करताना एक तरी फोटो पाठवा.' मी किनाऱ्यावर उभी राहून फोटो काढला. पुढे दोन आरामखुर्च्या, त्यांवर आमचे दोन टॉवेल तिसऱ्या दिवसापासून पहिल्या रांगेत पाय पसरून पडलेले. मागे समुद्र आणि समुद्रात टोप्यांची रांग. पाण्यातून हे ओरडले, "अगं, ये ना, डार..."

तेवढ्यात लाट आली आणि त्यांच्या तोंडात गेली. पुढे काय होतं, ते मी अजून विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. मी फोन टॉवेलात गुंडाळला आणि पाण्यात शिरले.

विमानतळावर फोन उघडला, तर लेकीचा प्रश्न येऊन पडला होता. 'आई, हे नुसते टॉवेल आहेत. बाबा कुठे आहेत?'

मी फोटो मोठा करून मोजलं आणि लिहिलं, 'डावीकडून चौथी टोपी.'