विषय : टॉवर रखडल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
ॲपल पार्क, क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया.

दिनांक : मार्चअखेर, २०२५

विषय : ‘मॅक प्रो’ या थोरल्या यंत्राच्या रखडलेल्या बढतीबाबत स्मरणपत्र.

संदर्भ : आपण वेळोवेळी पाळलेले मौन.

महोदय,

अर्जदार हे चित्रपटांचे संकलक, ध्वनिमिश्रक, कलरिस्ट, थ्रीडी ॲनिमेशन करणारे आणि त्यांच्या जोडीला थोडेफार शास्त्रज्ञ असून, आपले जुने, रोख पैसे मोजणारे आणि बहुधा म्हणूनच गृहीत धरले गेलेले गिऱ्हाईक आहेत. रेंडर लावायचा आणि पट्टी भरत जाताना बघत बसायचे, यात त्यांची निम्मी हयात गेलेली असल्याने थांबण्याचे त्यांना काही वाटत नाही. मात्र रेंडरची पट्टी निदान किती मिनिटे उरली ते सांगते. आपण तेवढेही सांगत नाही, एवढेच या अर्जाचे कारण आहे.

या महिन्यात आपण मॅक स्टुडिओची नवी आवृत्ती काढलीत. त्यात एम३ अल्ट्रा चिप आहे, मेमरी ५१२ जीबीपर्यंत घेता येते आणि या चिपचे मॉडेल ३,९९९ डॉलरपासून मिळते. अभिनंदन. त्याच दुकानात, त्याच यादीत मॅक प्रो उभा आहे : जून २०२३ची एम२ अल्ट्रा चिप, मेमरी फार तर १९२ जीबी, किंमत ६,९९९ डॉलरपासून पुढे. थोरल्याला घरात बसवून धाकट्याचे लग्न उरकले की गावात लोक चार प्रश्न विचारतातच. अर्जदार तेच विचारत आहेत.

प्रकरण जुने आहे. जून २००३मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पॉवर मॅक जी५ दाखवला आणि बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ देऊ, असा शब्द दिला. बारा महिन्यांनी आले अडीच, आणि तेवढ्यासाठीही आत पाणी खेळवून प्रोसेसर थंड ठेवण्याची सोय करावी लागली. पुढच्या वर्षी २.७. तीनचा आकडा शेवटी ऑगस्ट २००६मध्ये पहिल्या मॅक प्रोवर उगवला, तोही इंटेलच्या चिपवर. तरीही त्या काळाबद्दल अर्जदारांच्या मनात राग नाही. याचे कारण असे की जून २००५मध्ये जॉब्ज पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले आणि शब्द दिला होता, पाळता आला नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. इंटेलकडे जाण्याची घोषणाही तिथेच झाली आणि बदल ठरल्याहून लवकर पुरा झाला.

त्या पहिल्या मॅक प्रोबद्दल अर्जदार आजही हळवे होतात. किंमत २,४९९ डॉलर. मागची कळ उचलली की बाजूचे दार हातात यायचे. आत हार्ड डिस्कचे चार खण, कार्डांसाठी स्लॉट, रॅम वाढवायला जागा. समोरच्या जाळीमुळे लोक त्याला किसणी म्हणत, पण प्रेमाने म्हणत. दिसायला बरा होता. तसा नसता तरी चालले असते, कारण तो राहायचा टेबलाखाली.

मग आपल्याला टेबलाखालच्या वस्तूंचा कंटाळा आला असावा. फेब्रुवारी २०११मध्ये ‘द सोशल नेटवर्क’ला संकलनाचे ऑस्कर मिळाले, तो चित्रपट आपल्याच फायनल कट या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर कापलेला होता. चारच महिन्यांनी आपण फायनल कट प्रो एक्स बाजारात आणला. त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडत नव्हते आणि मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र कापण्याची सोय, नव्हते. कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमातल्या संकलकांनी त्याची चित्रफीत करून थट्टा केली. मल्टिकॅम सात महिन्यांनी परत आले. तोवर कित्येक संकलक ॲव्हिड नाहीतर प्रीमियरच्या दाराशी पोहोचले होते. ऑस्करनंतर इतक्या लवकर स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे धाडणारा दुकानदार अर्जदारांनी तरी दुसरा पाहिलेला नाही.

जून २०१२मध्ये टॉवरला आपण ‘नवीन’ अशी चिठ्ठी लावलीत. प्रोसेसर किंचित वेगवान. थंडरबोल्ट नाही, यूएसबी ३ नाही. त्याच दिवशी आलेल्या मॅकबुक एअरमध्ये, म्हणजे आपल्या सर्वांत बारक्या लॅपटॉपमध्ये, दोन्ही होते. ओरड झाल्यावर टिम कुक यांनी एका ग्राहकाला ईमेलने कळवले की पुढच्या वर्षाच्या अखेरीला काहीतरी भारी येत आहे. ते येण्याआधी, १ मार्च २०१३ला, युरोपात जुन्या टॉवरची विक्रीच थांबली. तिकडच्या सुरक्षानियमांतल्या दुरुस्तीनुसार पंख्यांना आणि विजेच्या भागांना जास्त आडोसा हवा होता. आपण आडोसा करण्याऐवजी दुकान बंद केलेत. त्यामुळे पॅरिस आणि बर्लिनमधल्या अर्जदारांना नवा नाही आणि जुनाही नाही, अशी उरलेली बहुतेक सगळी २०१३ काढावी लागली.

मग जून २०१३. आपले विपणनप्रमुख फिल शिलर यांनी पडदा सारला आणि ॲपलमधले नावीन्य आटले म्हणणाऱ्यांना, सभ्य अर्जात लिहिता येणार नाही अशा शब्दांत उत्तर दिले. समोर होते एक काळे, चकचकीत नळकांडे. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, रुंदी १७, जुन्या टॉवरच्या एक अष्टमांश आकारमानाचे. मधोमध धातूचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन अंगांना एक प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स चिप, आणि वर सगळ्यांची मिळून उष्णता ओढणारा एकच पंखा. कल्पना सुंदर होती, हे अर्जदार आजही मान्य करतील. फक्त कोणी मागितली नव्हती. आत स्लॉट नव्हते, हार्ड डिस्कला जागा नव्हती. ग्राफिक्स कार्ड इतक्या खास आकाराची की बाजारात त्यांना पर्याय मिळणे शक्यच नव्हते. जे जे पूर्वी पोटात मावत होते ते आता केबलने बाहेर जोडून टेबलभर पसरायचे. त्या पसाऱ्यात मधोमध ती देखणी वस्तू. अमेरिकेत लोक तिला कचऱ्याचा डबा म्हणू लागले. यात प्रेम किती ते आपणच ठरवावे.

हा डबा टेक्ससमध्ये जुळवला जाणार होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९मध्ये दिलेल्या वृत्तानुसार तिथे अडचण झाली ती स्क्रूंची. हवे तसे स्क्रू पुरेसे मिळेनात. स्थानिक कारखान्याची मजल दिवसाला हजार स्क्रूंपर्यंत. शेवटी एका छोट्या कंत्राटदाराने २८ हजार स्क्रू करून २२ खेपांत पोहोचवले, त्यातल्या कित्येक खेपा स्वतःच्या मोटारीतून. विक्री १९ डिसेंबर २०१३ला सुरू झाली, आणि त्या दिवशी ऑर्डर नोंदवणाऱ्या अनेकांना पुढच्या वर्षातल्या तारखा मिळाल्या. त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एका लाल मॅक प्रोचे ९,७७,००० डॉलर आले होते. पैसे धर्मादाय कामाला गेले, हे चांगलेच झाले. संग्रहात ठेवायला ते यंत्र खरोखर उत्तम होते.

यानंतर जे झाले ते लिहायला सोपे आहे, कारण काहीच झाले नाही. २०१४ गेले. त्या सप्टेंबरात इंटेलने डब्यातल्या झिऑन जातीच्या चिपची पुढची पिढी आणली, मार्च २०१६मध्ये त्याच्याही पुढची. डब्यात २०१३चीच राहिली. मार्च २०१७मध्ये दुकानात जाणाऱ्याला डिसेंबर २०१३चे यंत्र डिसेंबर २०१३च्याच किमतीला, २,९९९ डॉलरला मिळत होते. भाजी मंडईतसुद्धा संध्याकाळी भाव उतरतो, पण असो. इकडे ज्यांचे काम एनव्हिडियाच्या कार्डांवर अवलंबून होते ते विंडोजकडे गेले. काहींनी सुटे भाग जमवून स्वतःच यंत्र बांधले आणि त्यावर गुपचूप मॅकची प्रणाली चढवली. आपल्या कंपनीचा माल वापरता यावा म्हणून गिऱ्हाइकाने चोरी करायची, ही पाळी इतर कुठल्या धंद्यात क्वचितच येते.

आणि किसणी? ती चालूच होती. सप्टेंबर २०१८मध्ये आपण मोहावे ही प्रणाली आणलीत तेव्हा २०१० आणि २०१२चे टॉवर अधिकृत यादीत होते. अट एकच, आत नव्या धाटणीचे ग्राफिक्स कार्ड हवे. म्हणजे आठ वर्षांचे यंत्र केवळ दार उघडते म्हणून जगले. अर्जदारांचे सगळे म्हणणे या एका उदाहरणात आहे, आणि ते आपल्याच कागदपत्रात नोंदलेले आहे.

एप्रिल २०१७मध्ये आपण पाच पत्रकारांना बोलावून मोकळेपणाने बोललात. उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःच स्वतःला कोपऱ्यात नेऊन अडकवले, असे आपले सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी कबूल केले. दोन मध्यम ग्राफिक्स चिप घेऊन डबा बांधला, आणि जग एकाच दांडग्या चिपकडे वळले. ती त्या त्रिकोणात मावेना. नवे यंत्र मुळापासून, जोडता-सोडता येईल असे करतो आहोत, यंदा नाही, असेही सांगितलेत. अर्जदारांनी त्या दिवशी काय करावे? ते खूश झाले. साडेतीन वर्षांनी मिळालेले एवढे एक वाक्य त्यांना पुरले. पुढच्या एप्रिलमध्ये आपण २०१९ साल जाहीर केलेत, तेव्हाही फार कुरकुर झाली नाही.

२०१९चा टॉवर खरोखर चांगला होता. आठ स्लॉट, दीड टेराबाइट मेमरी, २८ कोअर, उघडणारे घर. पण सुरुवात ५,९९९ डॉलरला, आणि त्यात साठवण २५६ जीबी, म्हणजे एका दिवसाचे शूटिंगही धडपणे मावायचे नाही. चाके हवी असतील तर ४०० डॉलर वेगळे, आणि त्या चाकांना ब्रेक नाहीत. सोबतच्या पडद्याचा स्टँड ९९९ डॉलरचा. ही किंमत व्यासपीठावरून जाहीर होताच आपल्याच निमंत्रितांच्या सभागृहात कुजबुज उठली होती. सगळे साज चढवले तर बिल ५० हजार डॉलरच्या वर जाई. डिसेंबर २०१९मध्ये ज्यांनी ते भरले त्यांना जून २०२०मध्ये कळले की आपण इंटेलला दोन वर्षांत रामराम ठोकणार आहात. सहा महिने!

त्या दोन वर्षांची जवळपास तीन झाली. मार्च २०२२मध्ये आपले हार्डवेअरप्रमुख जॉन टर्नस म्हणाले की आता फक्त मॅक प्रो उरला आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी. एप्रिल २०२३मध्ये टिम कुक मुंबईला आले, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाचे दार त्यांनी स्वतः उघडले, माधुरी दीक्षितबरोबर वडापावही खाल्ला. मुंबईतल्या अर्जदारांना फार बरे वाटले. जूनमध्ये मॅक प्रो आला : भारतात ७,२९,९०० रुपयांपासून. स्लॉट होते, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नव्हते. आत चिप तीच, जी त्याच दिवशी आलेल्या मॅक स्टुडिओत तीन हजार डॉलर कमी देऊन मिळत होती. मेमरीची कमाल मर्यादा दीड टेराबाइटवरून १९२ जीबी झाली. यालाही ‘नवीन’ अशी चिठ्ठी होतीच.

न्यायाने बोलायचे तर ध्वनीवाल्यांची प्रो टूल्सची कार्डे, चित्रवाल्यांची एसडीआय कार्डे, जलद साठवणीची कार्डे त्यात अजून बसतात, आणि ज्यांना ती लागतात त्यांना मॅक स्टुडिओ पुरत नाही. न्यायाने हेही मान्य की अर्जदार संख्येने थोडे आहेत. विकल्या जाणाऱ्या मॅकमध्ये मॅक प्रोचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे, हे आपण २०१७मध्येच सांगितले होते. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी दरवर्षी नवी चिप घडवणे परवडत नसेल. तसे असेल तर तसे म्हणावे.

कारण मौनाचा खर्च अर्जदार भरतात. चित्रपटाचे पोस्ट-प्रॉडक्शन वर्षभर चालते आणि मधे यंत्र बदलायचे नसते, त्यामुळे खरेदी आधी ठरवावी लागते. इकडे आज मार्चअखेर आहे. भारतात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. म्हणून मुंबईतला स्टुडिओवाला एप्रिल ते सप्टेंबरमध्ये यंत्र घ्यायला बघतो. यंदा त्याने सात लाख घालून दोन वर्षांपूर्वीची चिप घ्यावी, की आपल्या जूनमधल्या वार्षिक विकासक परिषदेची वाट पाहावी, की जाऊन विंडोजचे यंत्र आणावे? त्याच्या सीएला याचे उत्तर देता येत नाही. ते क्युपर्टिनोलाच ठाऊक आहे.

नकार कसा द्यावा हे आपल्याला माहीत नाही असेही नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये आपण एक्ससर्व्ह हा सर्व्हर बंद केलात तेव्हा ३१ जानेवारी २०११ ही शेवटची तारीख जाहीर केलीत आणि त्याऐवजी काय घ्यावे तेही कळवलेत. लोक रागावले, पण तीन महिन्यांत आपापल्या सोयीला लागले.

तरी विनंती की मॅक प्रो पुढे येणार असल्यास कोणत्या वर्षी, आणि येणार नसल्यास तसे, जूनच्या परिषदेपूर्वी एका ओळीत कळवावे. चाके नकोत.

कळावे,

आपले विश्वासू,
अर्जदार