दूध, देवदूत आणि स्पॉकचा मेंदू

"मामा, तू अजून ‘ब्लिंक’ पाहिलेला नाहीस?"

प्रस्तुत लेखकाच्या भाच्याने हा प्रश्न पाठीवरची सॅक उतरवण्याआधी, दारातच विचारला. सूर असा, की पूर्वीची माणसं ‘अजून काशी झाली नाही?’ म्हणून विचारत तसा. लेखकाने नाही म्हटलं. मग जेवणं उरकून, दिवे घालवून, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा २००७ सालचा तो भाग सुरू झाला.

या भागाचा दबदबा मोठा. स्टीव्हन मोफट यांनी लिहिलेला, पुढच्याच वर्षी विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळवलेला. कॅरी मलिगन यात आहे, आणि ज्याच्या नावाने मालिका चालते तो डॉक्टर मात्र बेताचाच आहे. कल्पना अशी: काही दगडी देवदूत आहेत. कुणीतरी बघतंय तोवर ते दगड. पापणी लवली की झडप. स्पर्श झाला की माणूस थेट मागच्या काळात जाऊन पडतो आणि त्याचे न जगलेले दिवस हे देवदूत खातात. भाच्याने उशी छातीशी घट्ट धरली होती. लेखकाला मात्र हा प्रकार कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, आणि मध्यंतराच्या सुमारास एकदम उलगडा झाला. गॅसवरचं दूध!

दूध तापत ठेवून समोर उभं राहा. साय धरून गप्प बसेल, वाफेचा टिपूससुद्धा निघणार नाही. पेपरमधला एक मथळा वाचायला मान वळवा, की शेगडीवर पांढरा ओघळ. जे तंत्र दाखवून मोफट यांनी ह्यूगो नेला, ते महाराष्ट्रातल्या घराघरांत रोज सकाळी सात वाजता चालतं आणि त्याचं कुणाला कौतुक नाही.

पण लेखकाचा खरा आक्षेप याहून पुढचा होता. पापणी लवणं टाळता येत नाही, हे कबूल. पण दोन्ही पापण्या एकदम कशाला लववायच्या? आधी डावी, मग उजवी. एक डोळा कायम पहाऱ्यावर. सगळं संकट तिथेच संपतं. भाचा म्हणाला, "मामा, भीती वाटल्यावर असं सुचत नाही." लेखकाने दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा लिटर गाईच्या दुधासमोर प्रयोग केला. डावा, उजवा, डावा, उजवा. दीड-दोन मिनिटांत गाल दुखायला लागले, लय चुकली आणि दूध उतू गेलं. आतून बायकोचा आवाज आला, "दुधाला डोळे कसले मारतोयस? गॅस बारीक कर!"

प्रयोग फसला तरी आक्षेप मागे घेतलेला नाही. उलट एक वाढला. शेवटी ते चार देवदूत एकमेकांसमोर येतात, एकमेकांना बघतात आणि कायमचे दगड होतात. हे सगळं घडतं तळघरात, एका लुकलुकणाऱ्या बल्बखाली. बल्ब गेला की अंधार, अंधारात कुणी कुणाला बघत नाही, आणि देवदूत मोकळे. ‘देखभालीसाठी वीजपुरवठा बंद’ ही सूचना आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाला हा शेवट सुखाचा वाटणं शक्य नाही.

लेखकाचं हे दुखणं जुनं आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका लागायची, तेव्हापासूनचं. चाळीतली बाकीची पोरं त्या यानावरच्या स्पॉकच्या कानांकडे बघत असायची आणि याला प्रश्न पडायचा, की या यानात भांडी कोण घासतं. जिथे जग गहिवरतं तिथे लेखकाला घरगुती शंका येते. त्यामुळे ज्या ज्या भागांना जगाने डोक्यावर घेतलं, त्यांच्याशी त्याचं हळूहळू वाकडं येत गेलं.

त्याच ‘स्टार ट्रेक’मधला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ घ्या. ६ एप्रिल १९६७ ला दाखवला गेला, आणि मूळ मालिकेतला सर्वांत उत्तम भाग म्हणून बहुतेक जण आजही याच्याकडेच बोट दाखवतात. कॅप्टन कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातात, कर्क तिथल्या एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो, आणि मग कळतं, की ही बाई वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. म्हणून कर्कला तिला ट्रकखाली जाताना नुसतं बघत राहावं लागतं. एडिथच्या भूमिकेत जोन कॉलिन्सने काम छान केलंय. शेवट अंगावर येतो, यातही वाद नाही.

वाद सुरुवातीशी आहे. या सगळ्या महाभारताचं मूळ काय, तर यान हेलकावे खातंय आणि डॉक्टर मॅकॉय हातात जालीम औषधाने भरलेली पिचकारी घेऊन उभे आहेत. धक्का बसतो, डॉक्टर स्वतःच्याच पिचकारीवर पडतात आणि वेडेपिसे होऊन भूतकाळात उडी घेतात. तालुक्याच्या दवाखान्यातली नर्ससुद्धा काम झालं की सुई आधी ट्रेमध्ये ठेवते. शिवाय यानावर चारशेहून जास्त माणसं असताना एक भ्रमिष्ट डॉक्टर सगळ्यांना चकवून खाली ग्रहावर उतरतो. आणि स्पॉकच्या टोकदार कानांबद्दल पोलिसाने हटकल्यावर कर्क काय सांगतो? हा चिनी आहे, लहानपणी याचं डोकं भाताच्या यंत्रात सापडलं होतं. कोकणात हे सांगून बघावं. लोक आधी यंत्र बघायला मागतील.

भाचा यावर चिडला. मग लेखकाने आपला हुकमाचा एक्का काढला: या भागावर सर्वांत जास्त नाराज असलेला माणूस म्हणजे तो लिहिणारा हार्लन एलिसन. त्याच्या पटकथेवर इतके हात फिरले, की त्याने आपलं खरं नाव काढून टोपणनाव घाला म्हणून आग्रह धरला. तो कुणी मानला नाही. दाखवलेल्या भागाला ह्यूगो मिळाला, आणि एलिसनच्या मूळ, न बदललेल्या पटकथेला अमेरिकेतल्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला. पुढे कित्येक वर्षं तो भांडत राहिला, मूळ पटकथेचं पुस्तक काढलं, त्याला तेवढीच तिखट प्रस्तावना जोडली. एक बक्षीस मिळालं की माणूस वाद विसरतो. एलिसनला दोन बाजूंनी बक्षीस मिळालं तरी तो विसरला नाही. लेखकाला हा माणूस त्याच्या भागापेक्षा जास्त आवडतो.

‘ट्वायलाइट झोन’बद्दल बोलताना मात्र आवाज जरा जपून लावावा लागतो. या मालिकेवर लोकांची श्रद्धा आहे. १९५९ सालचा ‘टाइम इनफ अॅट लास्ट’ तर अगदी देव्हाऱ्यातला. बँकेतला एक कारकून, वाचनाचा वेडा, जेवणाच्या सुट्टीत तिजोरीत बसून वाचत असताना वर अणुबॉम्ब पडतो. जग संपतं, वाचनालय उरतं. पुस्तकांच्या चवडी रचून तो बसणार, तेवढ्यात चष्मा पडून फुटतो. बघणाऱ्यांचा जीव कळवळतो. लेखक स्वतः वजा सातच्या नंबरचा. त्याचाही चष्मा एकदा एसटीत शेजाऱ्याच्या पिशवीखाली सापडून मोडला होता, आणि उरलेला प्रवास त्याने कादंबरी नाकाला लावून वाचत काढला. आता त्या कारकुनाचा नंबर वजा होता की अधिक, हे मालिका सांगत नाही. पण गावात चष्म्याचं एखादं दुकान असेलच, मालक आता पैसे मागणार नाही, आणि वेळ तर भरपूर आहे. रडतोस काय बाबा, ढिगारा उपस!

त्याच मालिकेतला ‘टू सर्व्ह मॅन’ लेखकाच्या खास मर्जीतला. म्हणजे आक्षेपासाठी. मार्च १९६२. नऊ फुटी परग्रहवासी पृथ्वीवर येतात, भूक मिटवतात, युद्धं थांबवतात, आणि मागे एक पुस्तक राहतं. सरकारी तज्ज्ञ त्याचं नाव उलगडतात: माणसाची सेवा. सगळे खूश, यानात बसून त्यांच्या ग्रहावर सहलीला निघतात. शेवटच्या क्षणी कळतं, की ते पाककृतींचं पुस्तक आहे. डेमन नाइटच्या १९५० च्या कथेवरचा हा भाग.

आता गोम अशी, की इंग्रजीत सेवा करणं आणि पानात वाढणं या दोन्हींना एकच शब्द आहे. पण पुस्तक परग्रहाच्या भाषेतलं! त्या भाषेत नेमका इंग्रजीतलाच श्लेष कसा आला? हे नऊ फुटी लोक काय ऑक्सफर्डला शिकले होते? ‘माणसाची सेवा’ म्हटलं की मराठीत विनोद जागीच मरतो. लेखक काही वर्षं हा मुद्दा छातीठोकपणे मांडत आला. मग एके दिवशी पंगतीत आमटीचं भांडं घेऊन फिरताना त्याला साक्षात्कार झाला, की मराठीतही तो साधता येतो, आणि इंग्रजीपेक्षा बरा. पुस्तकाचं नाव ठेवायचं: ‘माणूस कसा वाढावा?’ सरकारी तज्ज्ञांना वाटेल बालसंगोपन. प्रकाशकही मिळेल. त्या साक्षात्कारात आमटी एका व्याह्यांच्या सदऱ्यावर सांडली, पण विषय तेवढा मोठा होता.

‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिकेतल्या, ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या, ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या १९८९ च्या भागाचं लवकर आटोपू. डेटा हा यंत्रमानव माणूस की मालमत्ता, याचा खटला. मेलिंडा स्नॉडग्रास या एकेकाळी वकिली केलेल्या लेखिकेने लिहिलाय, आणि वाद खरोखर चुरचुरीत आहे. पण लेखकाच्या कल्याण कोर्टातल्या वकीलमित्राने पहिल्या दहा मिनिटांत हात वर केले. न्यायाधीश बाई आणि बचावाचे वकील यांची जुनी भानगड. विरोधी वकील डेटाचाच जिवलग मित्र. आणि कुणीही पुढची तारीख मागत नाही! "हे विज्ञान नाही, निव्वळ कल्पना," असं म्हणून मित्र चहा न घेता गेला.

‘ब्लॅक मिरर’चा ‘सॅन जुनिपेरो’ लेखकाने बायकोबरोबर पाहिला. २०१६ चा भाग, पुढच्या वर्षी दोन एमी पुरस्कार. म्हाताऱ्या, मरणाला टेकलेल्या माणसांचं मन संगणकात चढवलं जातं आणि ती समुद्राकाठच्या एका गावात कायमची तरुण होऊन राहतात. योर्की आणि केली या दोघींची गोष्ट इतकी हळुवार आहे, की या मालिकेत सुखान्त बघून लोकांना रडू कोसळलं. शेवटी एक अजस्र दालन दिसतं, भिंतभर चमकणारे दिवे, त्या दिव्यांत ही सगळी माणसं. बायको मटार सोलत होती. एक शेंग तशीच धरून तिने विचारलं, "याचं लाइट बिल कोण भरतं?"

ती सोसायटीची खजिनदार आहे. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे पैसे तळमजल्यावाल्यांकडून काढताना तिचं अर्धं आयुष्य गेलंय. "कायमचं म्हणजे किती वर्षांचा करार?" दुसरा प्रश्न. "कंपनी बुडाली तर?" तिसरा. लेखकाला इतकं एकरूप झाल्यासारखं लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

राहता राहिला ‘द इनर लाइट’. १९९२. हा ‘नेक्स्ट जनरेशन’चा मुकुटमणी, यालाही ह्यूगो. कॅप्टन पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि एका मरत्या ग्रहावर कामिन नावाने पुरा संसार करतो. बायको, मुलं, नातवंड, बासरी. जागा होतो तेव्हा यानात फक्त पंचवीस मिनिटं गेलेली असतात. आपल्या जगाची आठवण कुणीतरी जपावी म्हणून त्या ग्रहाच्या लोकांनी हे घडवलेलं. आक्षेप उघड आहे: रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसावर, न विचारता, अख्खा संसार लादायचा ही कसली आठवण? आणि पुढच्या भागात पिकार्ड कामावर हजर. इथे सुतक पडलं तरी माणूस दहा दिवस घरी बसतो.

तरी बासरीपाशी लेखक जरा अडखळतो. ती नाटकातली बासरी, वाजत नाही. २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ४८ हजार डॉलरला गेली. आणि भागाचं नाव घेतलंय जॉर्ज हॅरिसनच्या बीटल्सच्या गाण्यावरून, ज्याचं संगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांनी वाजवलेलं होतं. त्यातली बासरी मात्र वाजणारी आहे. हे भाच्याला सांगितल्यावर तो प्रथमच गप्प बसला.

ती संधी साधून लेखकाने आपला लाडका भाग लावला: ‘स्पॉक्स ब्रेन’. २० सप्टेंबर १९६८, तिसऱ्या हंगामाचा पहिला भाग. जगाच्या मते मूळ ‘स्टार ट्रेक’चा सर्वांत वाईट. लिहिणाऱ्या जीन कून यांनीही त्यावर टोपणनाव घातलंय. एक बाई यानात शिरते, सगळ्यांना झोपवते आणि स्पॉकचा मेंदू काढून नेते. उरलेला स्पॉक रिमोटच्या बटणांवर चालवत त्याचे मित्र मेंदू शोधायला निघतात. शेवटी मॅकॉय शस्त्रक्रिया करत असताना मधेच पुढचं विसरतात, म्हणून आधी स्पॉकचा आवाज जोडतात, आणि रोगी टेबलावरून डॉक्टरला पुढचं सांगत जातो.

आणि तो मेंदू कशाला हवा होता? जमिनीखालच्या नगरीची हवा, उष्णता, सगळा पुरवठा चालवायला! म्हणजे इतक्या वर्षांत बायकोच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा हा एकमेव भाग. व्यवस्था कोण बघतं? स्पॉक. अर्धवेळ नाही, कंत्राटी नाही, पूर्णवेळ.

भाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होता. रिमोटच्या प्रसंगाला तर त्याने पोट धरलं. लेखकाने विजयी मुद्रेने विचारलं, "मग? आवडला की नाही?"

"मामा, हा तर आम्हा सगळ्यांचा आवडता आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "हॉस्टेलवर दर परीक्षेनंतर लावतो. सगळेच म्हणतात, भारी आहे."

लेखकाने पुढे काही विचारलं नाही. भाचा झोपल्यावर आवाज बारीक करून त्याने तो भाग पुन्हा पाहिला, आणि प्रथमच त्याला त्यात दोन-तीन मोठ्या उणिवा दिसल्या.