भुई धोपटणाऱ्यांचं कौतुक

साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. बिनविषारी कवड्या चावला तरी खुलताबादहून रात्रीच गाडी काढून घाटी रुग्णालय गाठणारा माणूस गल्लीच्या हसण्याचा विषय होतो. मला मात्र याच वेड्याचा सत्कार करावासा वाटतो. काळजी वाटते ती जाणकाराची.

जाणकाराचं ज्ञान खोटं नसतं. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेच्या बरेच मागून, बहुधा जोडीजोडीनं सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते. सिद्धार्थ उद्यानातल्या सर्पालयात काचेमागे हे सगळं निवांत पाहता येतं. जुलैच्या रात्री, वीज गेलेली असताना, जमिनीवरच्या अंथरुणाशी काही सळसळलं तर खवले कोण मोजणार? कवड्या पालींच्या मागे घरात येतो, हे खरं. मण्यारही घरात येते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. आणि रात्री ‘कवड्याच तो’ म्हणून झोपवणारा जाणकार आता ओवा शोधत असतो.

घोणशीचंही तेच. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असल्या की घोणस, वेडेवाकडे डाग आणि आखूड, निमुळती शेपूट असली की डुरक्या घोणस. कन्नडच्या मक्यात वाळल्या पाल्यावर पडलेलं घोणशीचं पिल्लू अजगराचं समजून उचलणारेही जाणकारच असतात. पिल्लाला विष जन्मापासून असतं.

औषधशास्त्र वेड्याच्याच बाजूला उभं आहे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच आहे. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. डॉक्टर माणसाकडे पाहतात: पापण्या, श्वास, सूज, रक्तस्राव. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय पक्का होतो. काहीच लक्षण नसेल, तर लस न देता 24 तास नजरेखाली ठेवतात. वेड्याचं नुकसान एवढंच, एका रात्रीचं.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, असा अंदाज आहे. यातली बहुतेक घरात किंवा शेतावर गेली, दवाखान्यात पोचलीच नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, आणि त्यात संशयित दंशही धरले. म्हणजे खुलताबादचा तो वेडा, कवड्या चावलेला असला तरी, त्या वहीत हक्कानं बसतो.